इंजिन तेल व ऑइल फिल्टर बदलण्याच्या रीतीचा इतिहास : अमेरिकेतील वेगवान पिकअप ट्रकच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोध आणि शोधक यांना मानाचे स्थान मिळते. शोध लागल्यानंतर ती वस्तू वर्षानुवर्षे चालती ठेवणाऱ्या कामाची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात या उणिवेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. देखभाल आणि दुरुस्ती यांचा विचार केल्याशिवाय तंत्रज्ञानाचा सामाजिक इतिहास पूर्ण होऊ शकत नाही, ही भूमिका त्यानंतर अधिक मान्यता पावली.

मोटारीच्या इंजिनातील तेल काढून नवे भरणे आणि त्यासोबत ऑइल फिल्टर बदलणे हे देखभालीचे सर्वांत परिचित काम होय. वरवर पाहता हे अर्ध्या-पाऊण तासाचे, हात काळे करणारे आणि विशेष विचार न करता उरकण्याचे काम आहे. परंतु ते किती अंतराने करावे, कोणी करावे, कोणते तेल वापरावे आणि निघालेले तेल कोठे टाकावे, या चार प्रश्नांची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत वारंवार बदलली आहेत. ही उत्तरे केवळ रसायनशास्त्राने दिलेली नाहीत. बाजारपेठ, कायदा, पर्यावरणविषयक जाणीव आणि वाहनाच्या मालकीसंबंधीच्या कल्पना यांनीही ती घडविली आहेत.

या बदलांचा मागोवा घेण्यासाठी अमेरिकेतील पिकअप ट्रक हे वाहन विशेष उपयुक्त ठरते. शेतकऱ्याचे मालवाहू वाहन म्हणून जन्मास आलेला हा ट्रक विसाव्या शतकाच्या अखेरीस शर्यतीच्या मोटारीशी स्पर्धा करणारे वाहन बनला. एकाच वाहनप्रकारात श्रमाचे साधन आणि हौसेची वस्तू अशी दोन्ही रूपे एकवटल्यामुळे देखभालीच्या इतिहासातील ताण येथे ठळकपणे दिसून येतात.

उद्दिष्टे

१) इंजिन तेल व ऑइल फिल्टर यांच्या विकासातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२) वेगवान पिकअप ट्रकच्या उदयामुळे या देखभालीच्या स्वरूपात झालेला बदल स्पष्ट करणे.
३) तेल बदलण्याचे अंतर ठरविण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, याची चिकित्सा करणे.
४) वापरलेल्या तेलाच्या विल्हेवाटीचा प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासणे.

प्रस्तुत लेख ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीवर आधारलेला असून त्याची कालमर्यादा स्थूलमानाने १९२५ ते २०२५ अशी आहे.

१. आरंभकाळ : शेतकरी आणि त्याचे तेल

अमेरिकेतील पेट्रोलियम उद्योगाचा आरंभ २७ ऑगस्ट १८५९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक याच्या विहिरीस तेल लागले तेव्हापासून मानला जातो. दिव्यासाठी रॉकेल मिळविणे हा त्यामागील हेतू होता. वंगण हा त्या उद्योगाचा दुय्यम विषय होता. १८६६ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे स्थापन झालेल्या व्हॅक्युम ऑइल कंपनीने खनिज तेलापासून वाफेच्या यंत्रांसाठी वंगण तयार करण्यास प्रारंभ केला. मोटार अवतरली तेव्हा वंगणाचा धंदा असा आधीच उभा होता.

फोर्ड कंपनीची १९०८ सालची मॉडेल टी ही मोटार या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्या इंजिनात तेलाचा पंप नव्हता आणि फिल्टरही नव्हता. फिरणारे जड चाक तेल उडवी, त्यातील काही तेल एका नळीवाटे पुढील भागात पोहोचे आणि उरलेले काम शिंतोड्यांवर चाले. तेलाची पातळी पाहण्यासाठी काठी नव्हती. चेंबरला खालीवर असे दोन लहान नळ होते. तेलाची पातळी या दोन नळांच्या दरम्यान राहिली पाहिजे, एवढाच नियम होता. ती तपासण्यासाठी मालकाला वाहनाखाली वाकून हात घालावा लागे.

१५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने याच मोटारीवर कारखान्यात तयार केलेला मालाचा हौदा बसवून पहिला पिकअप विक्रीस आणला. त्याची किंमत २८१ डॉलर होती. तत्पूर्वी शेतकरी व सुतार आपापल्या मोटारीचा मागील भाग कापून असे हौदे स्वतःच बसवीत. म्हणजे कारखान्याने येथे ग्राहकाचीच युक्ती उचलली होती. अशा मालकाला तेल बदलण्यासाठी कोणाकडे जाण्याची गरज वाटत नसे. नांगर, पंप आणि मोटार यांची देखभाल एकाच अवजारपेटीतून होत असे.

त्या काळी तेल लवकर निकामी होण्याची कारणेही स्पष्ट होती. रस्ते कच्चे होते आणि हवा गाळण्याची सोय बहुधा नव्हती. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून तेल पातळ करी. तेलात मिसळलेली धूळ बेअरिंगवर कानसेसारखे काम करी. १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए या मोटारीत तेलाचा पंप होता, पण फिल्टर नव्हता. तिच्यासाठी कंपनीने दर ५०० मैलांनी, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरनंतर, तेल बदलण्याची सूचना दिली होती. आजच्या तुलनेत हे अंतर अत्यल्प वाटते. तथापि तत्कालीन तेल, रस्ते आणि इंजिन यांचा एकत्रित विचार करता ते योग्यच होते.

२. ऑइल फिल्टरचा उदय

तेल इंजिनात असतानाच गाळले जावे, ही कल्पना अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी १९२३ साली व्यवहार्य रूपात आणली. 'शुद्ध तेल नंतर' अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचा संक्षेप करून त्यांनी आपल्या साधनास 'प्युरोलेटर' हे नाव दिले. १९२४ साली बाजारात आलेल्या क्रायस्लर सिक्स या मोटारीत असा फिल्टर मूळ साहित्याचा भाग म्हणून बसविण्यात आला होता.

आरंभीचे फिल्टर सर्व तेल गाळीत नसत. पंपातून निघालेल्या तेलाचा लहानसा प्रवाह फिल्टरकडे वळविला जाई आणि उरलेले तेल न गाळता थेट बेअरिंगकडे जाई. तेल कालांतराने स्वच्छ होत असे, पण धातूचा एखादा कण त्यापूर्वीच बेअरिंगपर्यंत पोहोचण्याचा धोका कायम राही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास व त्यानंतर सर्वच तेल फिल्टरमधून पुढे पाठविण्याची पद्धत रूढ होऊ लागली. या पद्धतीत एक नवी अडचण होती. फिल्टर तुंबला तर इंजिनाला तेलच मिळणार नाही. म्हणून त्यात दाबाने उघडणारी झडप बसविण्यात आली. फिल्टर तुंबल्यास ती उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाऊ देते. तेलाच्या पूर्ण अभावापेक्षा अस्वच्छ तेल बरे, हा अभियांत्रिकी विवेक या लहान झडपेत सामावलेला आहे.

सामान्य मालकाच्या दृष्टीने खरी क्रांती १९५४ साली झाली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील गॅस्टोनिया येथील विक्स कंपनीने पत्र्याच्या डब्यात बंद असलेला, आटे फिरवून बसविण्याचा फिल्टर आणला. तोपर्यंत फिल्टरचे भांडे उघडून आतील गाळणकांडी काढावी लागे, भांडे धुवावे लागे आणि रबरी कडे नीट बसवावे लागे. नव्या फिल्टरमुळे जुना डबा फिरवून काढणे आणि नवा फिरवून बसविणे एवढेच काम उरले. कौशल्याची गरज कमी झाली आणि घरी तेल बदलणाऱ्यांचा वर्ग विस्तारला. परंतु त्याचबरोबर टाकून देण्याच्या वस्तूंत तेलाने माखलेल्या एका डब्याची भर पडली. या दुसऱ्या परिणामाचा विचार होण्यास पुढे जवळजवळ चार दशके लागली.

३. तेलाचे प्रमाणीकरण व रसायन

तेल दाट की पातळ, हे सांगण्याची सर्वमान्य पद्धत नसल्यामुळे ग्राहकाची फसवणूक सहज होत असे. १९०५ साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने (एस.ए.ई.) १९११ साली तेलाच्या श्यानतेनुसार, म्हणजे वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधानुसार, वर्गवारी केली. पुढे १९५० च्या दशकात थंडीतील वर्तनासाठी 'डब्ल्यू' या अक्षराने दर्शविल्या जाणाऱ्या प्रती रूढ झाल्या आणि एकच तेल हिवाळ्यात व उन्हाळ्यात चालू शकेल अशी बहुश्रेणी तेले बाजारात आली. '१०डब्ल्यू-३०' यासारख्या खुणांचा उगम यात आहे. तत्पूर्वी ऋतू बदलला की तेल बदलावे लागे.

श्यानतेवरून तेलाचा दर्जा मात्र कळत नाही. त्यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने (ए.पी.आय.) १९४७ साली साधे, उत्तम आणि अवजड कामाचे असे तीन वर्ग ठरविले. १९५२ मध्ये ही पद्धत बदलण्यात आली आणि १९७० च्या सुमारास 'एस' या अक्षराने सुरू होणारी, आजही चालू असलेली मालिका अस्तित्वात आली. या मालिकेतील 'एसपी' हा वर्ग मे २०२० मध्ये लागू झाला. लहान आकाराच्या व टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात कमी वेगावर अवेळी होणारे ज्वलन रोखणे हा त्याचा एक प्रमुख हेतू आहे.

तेलात मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांनी देखभालीच्या समजुतीही बदलल्या. निर्मलक द्रव्ये नसलेल्या तेलात काजळी तळाशी बसे आणि तेल वरून स्वच्छ दिसे. निर्मलक द्रव्ये असलेले तेल काजळीला तरंगत ठेवते, त्यामुळे ते लवकर काळे पडते. काळे तेल म्हणजे खराब तेल, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरली. तेल काळे होणे हे बहुधा ते आपले काम करीत असल्याचे लक्षण असते. तरीही डिपस्टिक पुसून कापडावरील काळा डाग ग्राहकाला दाखविण्याची आणि त्यावरून नव्या तेलाची गरज पटविण्याची रीत दीर्घकाळ टिकून राहिली.

जस्त व फॉस्फरसयुक्त झीजरोधक द्रव्याचा इतिहासही असाच आहे. हे द्रव्य १९४० च्या दशकापासून वापरात आले. घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवर ते संरक्षक थर निर्माण करते. परंतु १९७५ पासून मोटारींत धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक यंत्रणा बसविली जाऊ लागली आणि फॉस्फरस या यंत्रणेस घातक ठरतो असे दिसून आले. परिणामी २००४ च्या 'जीएफ-४' मानकानुसार तेलातील फॉस्फरसचे प्रमाण ०.०८ टक्क्यापर्यंत मर्यादित करण्यात आले. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी केलेला हा बदल जुन्या इंजिनांना मात्र सोसण्यासारखा नव्हता. त्याची चर्चा पुढील भागात केली आहे.

४. वेगवान पिकअप ट्रकचा उदय

डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेने आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावण्याचा निर्णय घेतला. युरोपीय देशांशी कोंबडीच्या मांसावरून झालेल्या व्यापारी वादातून तो आला होता. या करामुळे पिकअपच्या बाजारपेठेत देशी कारखान्यांना मोठे संरक्षण मिळाले. १९७० च्या दशकात मोटारींवरील धूरविषयक व इंधनविषयक नियम कडक झाले. ट्रकवरील नियम मात्र तुलनेने सैल राहिले. वेगवान पिकअपचा जन्म या फटीतून झाला.

डॉज कंपनीचा १९७८ सालचा 'लिल रेड एक्सप्रेस' हा त्याचा उत्कृष्ट नमुना होय. एकूण ६,००० पौंडांहून अधिक भारक्षमतेच्या वर्गात मोडत असल्यामुळे त्या वर्षी त्याला उत्प्रेरक यंत्रणा लागू नव्हती. २२५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि चालकाच्या खोलीमागे उभ्या केलेल्या दोन धुरांड्या ही त्याची वैशिष्ट्ये होती. 'कार अँड ड्रायव्हर' या मासिकाने घेतलेल्या चाचणीत ताशी १०० मैलांचा वेग गाठण्यात या ट्रकने तत्कालीन अमेरिकन मोटारींना मागे टाकले. १९७९ साली नियम बदलले आणि या ट्रकलाही उत्प्रेरक यंत्रणा व शिसेविरहित पेट्रोल स्वीकारावे लागले. दोन वर्षांत असे ७,३०६ ट्रक तयार झाले.

१९९१ साली जनरल मोटर्सने 'जीएमसी सायक्लोन' हा २८० अश्वशक्तीचा, टर्बोचार्जर असलेला पिकअप आणला. त्याच मासिकाने त्याची फेरारी ३४८ या मोटारीशी पाव मैलाची शर्यत लावली आणि तीत पिकअप पुढे राहिला. फोर्डच्या 'लाइटनिंग' या पिकअपची पहिली पिढी १९९३ ते १९९५ या काळात आणि दुसरी १९९९ ते २००४ या काळात विकली गेली. दुसऱ्या पिढीतील ५.४ लिटर इंजिनास सुपरचार्जर जोडलेला होता आणि २००१ पासून त्याची शक्ती ३८० अश्वशक्ती होती. फेब्रुवारी २००४ मध्ये ५०० अश्वशक्तीच्या 'डॉज रॅम एसआरटी-१०' या पिकअपने ताशी १५४.५८७ मैलांचा, म्हणजे सुमारे २४८.८ किलोमीटरचा विक्रम नोंदविला. पुढे फोर्डच्या 'रॅप्टर' (२०१० चे मॉडेल) आणि 'रॅम टीआरएक्स' (२०२१) या वाहनांनी हीच परंपरा वाळवंटी व खडकाळ मार्गांवर नेली.

वेग वाढला तसे तेलावरील ओझेही वाढले. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याची बेअरिंग इंजिनाच्याच तेलावर चालते. इंजिन तापलेले असताना एकदम बंद केल्यास तेथे अडकलेले तेल करपून कोळशासारखा थर बनतो. लाइटनिंगच्या सुपरचार्जरचे तेल इंजिनापासून स्वतंत्र होते. इंजिनाचे तेल बदलले म्हणजे तेही बदलले गेले, असे मानता येत नसे. टीआरएक्सच्या इंजिनासाठी '०डब्ल्यू-४०' या श्रेणीचे संश्लेषित तेल विहित करण्यात आले. याउलट सामान्य वाहनांच्या बाबतीत इंधन वाचविण्यासाठी तेल पातळ करण्याकडे कल राहिला. फोर्डने २००१ च्या मॉडेलांपासून आपल्या अनेक इंजिनांसाठी '५डब्ल्यू-२०' हे तेल सुचविले. एकाच काळात एकीकडे पातळ तेल आणि दुसरीकडे तापमान सोसणारे दाट तेल, असे दोन प्रवाह दिसतात.

जुन्या वेगवान पिकअपच्या मालकांपुढे वेगळाच पेच उभा राहिला. लिल रेड एक्सप्रेसच्या इंजिनात कॅमवर सपाट तळाचे टॅपेट घासत असत. या रचनेस जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्याची अधिक गरज असते. २००४ नंतरच्या नव्या तेलात ते कमी झाले. म्हणून 'सर्वांत नवे तेल सर्वांत चांगले' हा सामान्य नियम या ट्रकला लावता येत नाही. त्यांच्या मालकांना जुन्या इंजिनांसाठी बनविलेले खास तेल शोधावे लागते. १९७८ साली नियमातील फटीतून सुटलेले हे वाहन पंचवीस वर्षांनंतर नियमांच्या दुसऱ्या परिणामास सामोरे गेले.

५. कृतीचे स्वरूप आणि त्यातील ज्ञान

वेगवान पिकअपचे तेल घरी बदलण्याची कृती पाहिल्यास तिच्यात किती व्यवहारज्ञान साठलेले आहे हे लक्षात येते. इंजिन प्रथम थोडे तापविले जाते, कारण कोमट तेल लवकर वाहते व काजळी सोबत घेऊन उतरते. ट्रक केवळ जॅकवर कधीही ठेवला जात नाही. त्याखाली भक्कम आधार दिले जातात. आडमार्गी चालणाऱ्या पिकअपच्या इंजिनाखाली दगडांपासून संरक्षण देणारी धातूची ढाल असते. तेथवर हात पोहोचत नसल्यास ती सोडवावी लागते. चेंबरच्या तळाचा बोल्ट सोडला की तेल परातीत उतरते. लाइटनिंगच्या ५.४ लिटर इंजिनात आणि २०१७ च्या रॅप्टरमधील ३.५ लिटर इंजिनात फिल्टरसह सुमारे ५.७ लिटर तेल मावते, म्हणून लहान भांडे पुरत नाही.

फिल्टर काढताना त्याचे रबरी कडे जुन्या जागेवर चिकटून राहिले नाही ना, हे पाहणे अगत्याचे असते. जुन्या कड्यावर नवे कडे बसले तर जोड दाब सोसत नाही आणि इंजिन सुरू होताच तेल बाहेर फेकले जाते. नव्या फिल्टरच्या कड्यास बोटाने तेल लावले जाते, तो हाताने बसविला जातो आणि कडे टेकल्यानंतर फिल्टरवर छापलेल्या सूचनेनुसार थोडाच फिरविला जातो. पान्याने आवळल्यास पुढच्या वेळी तो निघत नाही. चेंबरचा बोल्ट अधिक आवळल्यास आटे जातात आणि मग खर्च तेलापुरता राहत नाही. तेल भरल्यावर इंजिन क्षणभर चालवून बंद केले जाते, गळती तपासली जाते आणि काही मिनिटांनी डिपस्टिक पाहिली जाते.

काढलेल्या तेलात चकाकणारे कण आहेत का, त्यास पेट्रोलचा वास येतो का, पाणी मिसळल्यासारखा दुधाळ रंग आहे का, हे जाणकार मालक पाहतो. अशा तऱ्हेने तेल बदलणे ही इंजिनाची तपासणीही ठरते. ही तपासणी कोणत्याही पावतीवर नोंदली जात नाही. ती करणाऱ्याच्या नजरेत राहते. देखभाल दुसऱ्याकडे सोपविली जाते तेव्हा मालकाकडून पैशांबरोबर हे ज्ञानही दुसऱ्याच्या हाती जाते.

६. अंतर ठरविण्याचा अधिकार

१९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील पेट्रोल पंपांवर तेल पाहणे व बदलणे ही नित्याची सेवा होती. त्या दशकातील इंधनटंचाईनंतर स्वतः पेट्रोल भरण्याचे पंप वाढले आणि ही सेवा आटत गेली. तिची जागा दोघांनी घेतली. पहिला घटक होता स्वस्त दुकानातून तेल व फिल्टर विकत घेऊन घरी काम करणारा मालक, आणि दुसरा होता जलद तेल बदलून देणारे केंद्र. १९७१ साली युटा राज्यातील ऑग्डेन येथे सुरू झालेली 'जिफी ल्युब' ही या दुसऱ्या प्रकारातील प्रमुख साखळी होय. १९९१ साली ती पेन्झॉइल या तेल कंपनीच्या ताब्यात गेली. तेल विकणारा आणि तेल बदलण्याची वेळ झाली असे सांगणारा, हे दोघे येथे एक झाले.

दर ३,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे हा नियम याच काळात सर्वतोमुखी झाला. काचेवर चिकटविलेल्या लहान चिठ्ठीने तो घरोघर पोहोचविला. जुन्या तेलांच्या काळात या नियमास आधार होता. परंतु इंजिन, पेट्रोल आणि तेल सुधारल्यावरही तो पुष्कळ वर्षे तसाच राहिला. उत्पादकांच्या पुस्तिकेतील अंतरे त्याहून मोठी असूनही ग्राहकाचा विश्वास चिठ्ठीवरच अधिक होता.

मालकाच्या हक्काच्या दृष्टीने १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा महत्त्वाचा आहे. विशिष्ट छापाचा फिल्टर वापरला नाही किंवा काम अधिकृत विक्रेत्याकडे केले नाही, एवढ्याच कारणावरून उत्पादकास हमी नाकारता येत नाही, असे तत्त्व या कायद्याने प्रस्थापित केले. विशिष्ट वस्तूची सक्ती करावयाची असल्यास ती विनामूल्य पुरवावी लागते किंवा शासनाची खास अनुमती मिळवावी लागते. तथापि देखभाल केली गेली हे दाखविण्याची वेळ आल्यास मालकाजवळ नोंदी असणे हिताचे ठरते. घरच्या घरी तेल बदलणाऱ्याची वही व खरेदीच्या पावत्या यांना त्यामुळे व्यावहारिक पुराव्याचे मूल्य आले.

यानंतरचा टप्पा यंत्रगणनेचा आहे. जनरल मोटर्समधील संशोधक शर्ली श्वार्ट्झ व डोनाल्ड स्मोलेन्स्की यांनी १९८७ साली तेल बदलण्याची वेळ सुचविणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेवरील निबंध प्रसिद्ध केला. पुढील वर्षी अशी यंत्रणा ओल्ड्समोबिल मोटारीत आली. ही यंत्रणा तेलाची चव घेत नाही. इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून ती तेलाच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब मांडते. शांतपणे चालविलेल्या वाहनास ती मोठे अंतर देते, तर सतत थंडीत थोडेथोडे चालविलेल्या किंवा जड ओझे ओढणाऱ्या वाहनास लवकर इशारा देते. फोर्डच्या अलीकडील पिकअपमध्येही अशी यंत्रणा असून तिची कमाल मर्यादा १०,००० मैल किंवा एक वर्ष अशी आहे. चिठ्ठीच्या तुलनेत ही पद्धत निश्चितच शास्त्रीय आहे. मात्र तिची गणना वाहनाच्या संगणकात बंद असते. मालकास केवळ निकाल कळतो, त्यामागचा हिशेब कळत नाही.

७. वापरलेले तेल : दुर्लक्षित अध्याय

घरी तेल बदलणाऱ्याच्या स्वावलंबनाचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. कित्येक दशके काढलेले तेल कुंपणाच्या कडेला, कच्च्या रस्त्यावर धूळ बसविण्यासाठी किंवा गटारात ओतले गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सांगण्यानुसार एका वेळच्या बदलात निघालेले तेल सुमारे दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. त्याच संस्थेच्या माहितीप्रमाणे अडीच क्वार्ट वंगण मिळविण्यासाठी ४२ गॅलन कच्चे तेल लागते, आणि तेवढेच वंगण केवळ एक गॅलन वापरलेल्या तेलापासून परत मिळू शकते. तेल झिजून संपत नाही, ते मलिन होते. म्हणूनच त्याचे पुनःशुद्धीकरण शक्य आहे.

१९८० च्या वापरलेले तेल पुनर्वापर कायद्यानंतर १९९२ साली या तेलाच्या व्यवस्थापनाची केंद्रीय मानके ठरविण्यात आली. पत्र्याचे फिल्टर गरम असताना भोक पाडून निथळू देण्याची सूचनाही याच काळातील असून त्यासाठी १२ तासांचा अवधी सुचविण्यात आला. घरगुती मालकावर मात्र कारखान्याप्रमाणे बंधने घातली गेली नाहीत. त्याऐवजी सुट्या भागांच्या दुकानांतून व स्थानिक संस्थांच्या केंद्रांतून तेल स्वीकारण्याची सोय वाढविण्यावर भर देण्यात आला. लाखो घरांच्या अंगणात पहारा ठेवणे कोणत्याही शासनास शक्य नव्हते. ज्या कामाचा अधिकार मालकाने आपल्याकडे राखला, त्याची जबाबदारीही अखेर त्याच्या सद्सद्विवेकावरच राहिली.

या इतिहासाचा भारताशी असलेला धागाही नोंदविण्याजोगा आहे. प्रस्तावित विषयाच्या आरंभी उल्लेखिलेल्या व्हॅक्युम ऑइलच्या परंपरेतील स्टॅनव्हॅक या कंपनीने १९५४ साली मुंबईत तुर्भे येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. पुढे तो एस्सोकडे आणि १९७४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आला. वापरलेल्या तेलाबाबत उत्पादकांची विस्तारित जबाबदारी निश्चित करणारे नियम भारतात २०२३ साली अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये होणाऱ्या तेलबदलाचा अभ्यास या पार्श्वभूमीवर आपल्याकडेही होणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

१) तेल बदलण्याचे अंतर ५०० मैलांपासून १०,००० मैलांपर्यंत वाढले. या वाढीमागे फिल्टर, निर्मलक द्रव्ये, संश्लेषित तेल, शिसेविरहित पेट्रोल व चांगले रस्ते यांचा एकत्रित वाटा आहे.
२) प्रचलित अंतर नेहमीच शास्त्रीय गरजेशी जुळणारे नव्हते. ३,००० मैलांचा नियम कालबाह्य झाल्यानंतरही टिकला, याचे कारण व्यापारी हितसंबंधांत शोधावे लागते.
३) वेगवान पिकअप नियमांतील फटीतून जन्मास आला, परंतु धूरविषयक नियमांमुळे बदललेल्या तेलाच्या परिणामांपासून तो मुक्त राहू शकला नाही.
४) आट्याच्या फिल्टरने देखभाल सुलभ केली व १९७५ च्या कायद्याने मालकाचा हक्क सुरक्षित केला. यंत्रगणनेने मात्र निर्णयामागील ज्ञान मालकाच्या दृष्टीआड नेले.
५) देखभालीचे स्वातंत्र्य आणि वापरलेल्या तेलाची जबाबदारी यांचा विचार एकत्र झाला पाहिजे. या दोहोंची फारकत झाली तेव्हा तिची किंमत जमिनीने व पाण्याने मोजली.

समारोप

शंभर वर्षांपूर्वीचा शेतकरी दोन नळ उघडून तेलाची पातळी पाहत असे. आजच्या ७०० अश्वशक्तीच्या पिकअपचा मालक पडद्यावरील टक्केवारी पाहतो. पहिल्याजवळ साधने अपुरी होती, पण निर्णय त्याचा होता. दुसऱ्याजवळ साधने विपुल आहेत, पण निर्णय पुष्कळसा दुसऱ्याने घेतलेला असतो. या दोन टोकांमध्ये समतोल साधावयाचा झाल्यास वाहनाच्या पुस्तिकेचे वाचन, स्वतःच्या हाताने केलेले काम आणि काढलेले तेल योग्य ठिकाणी पोहोचविण्याची शिस्त या तीन गोष्टींना पर्याय नाही. देखभालीचा इतिहास अभ्यासण्याचे प्रयोजनही हेच आहे. यंत्राची मालकी पैसे मोजून मिळते, परंतु त्याविषयीची जाण व त्याची जबाबदारी प्रत्यक्ष कामातूनच अंगी येते.